वॉर्डातली मॅडम

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलीला सगळ्यात आधी काय शिकवतात? इंजेक्शन नाही, सलाइन नाही. पलंगावर चादर घालायला शिकवतात. कोपरे कसे दुमडायचे, चादर कशी ताणायची, रुग्ण पलंगावर पडून असताना त्याला न उठवता त्याच्या अंगाखालची चादर कशी बदलायची. बारावी सायन्स करून, सीईटी देऊन, यादीत नाव लागल्यावर घरच्यांनी पेढे वाटून पाठवलेली मुलगी मनातून खट्टू होते. चादर तर आपण घरीही घालत होतो, असे तिला वाटते.

तिला उत्तर वॉर्डात मिळते. अर्धांगवायू झालेला म्हातारा माणूस, त्याच्या पाठीखाली चादरीची एक सुरकुती, थोडासा ओलावा आणि एकाच कुशीवर गेलेले चार-पाच तास. एवढे जुळून आले की माकडहाडावरची कातडी आधी लाल होते, मग काळपट पडते, मग फुटते. ही जखम म्हणजे बेडसोर. ती हाडापर्यंत जाऊ शकते आणि माणूस ज्या आजारासाठी आला होता त्यातून सावरला, तरी या जखमेने जाऊ शकतो. दर दोन तासांनी कूस बदलणे, टाच आणि कोपर दाबाखालून मोकळे करणे, कातडी कोरडी ठेवणे, खाण्यात प्रथिने जातात की नाही ते पाहणे, हे सगळे त्या पहिल्या चादरीपासून सुरू होते. ती चादर शिकवणारी, आणि नंतर वॉर्डात त्या मुलीच्या शेजारी उभी राहून म्हाताऱ्याची पाठ स्वतः बघणारी मॅडम हा या लेखाचा विषय आहे.

बदनापूरहून या विषयाकडे पाहायला कारण आहे. जालना–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव शेतकऱ्यांना माहीत आहे ते तुरीमुळे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या इथल्या संशोधन केंद्राने दिलेले बीडीएन 711 सारखे वाण मराठवाड्यात घरोघरी बोलले जाते. गेल्या काही वर्षांत या पट्ट्याला दुसरी ओळख मिळू लागली आहे. तालुक्यातल्या वरूडी इथे अक्कलकुव्याच्या जामिया इस्लामिया इशातुल उलूम या संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय आणि नूर रुग्णालय उभे आहे. पश्चिमेला संभाजीनगरात 1956 पासूनचे सरकारी महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी. पूर्वेला जालन्यात 2024 साली नवे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्या वर्षी 9 ऑक्टोबरला राज्यातल्या ज्या दहा नव्या महाविद्यालयांचे एकत्र उद्घाटन झाले, त्यांत जालना होते. दहांच्या मिळून एमबीबीएसच्या 900 जागा वाढल्या. ही संख्या सगळीकडे छापून आली.

पण जिथे डॉक्टर घडतो त्या रुग्णालयात चोवीस तास रुग्णाजवळ असते ती नर्स. डॉक्टर राउंड घेऊन जातो, नर्स थांबते. मग तिला घडवणाऱ्या किती जणी या पट्ट्यात आहेत, त्या कुठे शिकल्या, त्यांना पगार किती मिळतो, त्या वॉर्डात जातात की फक्त फळ्यावर लिहितात, हे कोणी विचारत नाही. केंद्राच्या 2023 च्या अर्थसंकल्पात वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून 157 नवी नर्सिंग महाविद्यालये काढण्याची घोषणा झाली. इमारती होतील, जागाही भरतील. मला काळजी आहे ती शिकवणाऱ्यांची.

नर्स घडवणाऱ्या या बाईचा इतिहास आपण लिहून ठेवला नाही. आनंदीबाई जोशींवर कादंबरी आहे, चित्रपट आहे. रखमाबाईंचे चरित्र आहे. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत मात्र एक ओळ असते: 1891 साली बाई काशीबाई गणपत या प्रशिक्षणाला आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका. नाव आणि साल, बस. ही काशीबाई कोणाची कोण, तिला कोणी शिकवले आणि तिने पुढे कोणाला शिकवले, याचा त्या ओळीत पत्ता नाही. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आपल्याकडे हे शिक्षण आले ते मिशनच्या दवाखान्यांतून. जालन्याचे मिशन हॉस्पिटल जुन्या लोकांना आजही त्याच नावाने आठवते. तिकडे मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली उभारलेल्या रुग्णालयाने खेड्यापाड्यांतल्या मुलींना या कामात आणले.

ज्यांच्याविषयी थोडे अधिक माहीत आहे त्या म्हणजे रमाबाई रानडे. त्या स्वतः परिचारिका नव्हत्या. 1901 साली त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे गेले आणि 1909 साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. गोपाळ कृष्ण देवधर बरोबर होते. पुढच्या दोन-तीन वर्षांतच सेवासदनाने ससून रुग्णालयात मुलींना नर्सिंगचे शिक्षण मिळावे अशी व्यवस्था केली. त्या काळाचा विचार करा. ब्राह्मणाच्या घरातली विधवा, तिने परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या रुग्णाची मलमूत्राची भांडी उचलायची, रात्रपाळी करायची. घरचे नाही म्हणत, शेजारी नावे ठेवत. रमाबाईंनी एकेका घरचे मन वळवले, मुलींसाठी वसतिगृह काढले आणि त्या मुलींच्या पाठीशी उभ्या राहिल्या. सेवासदनाच्या एका समारंभातला प्रसंग त्यांच्या चरित्रात सांगितला जातो. किर्लोस्कर थिएटरात बक्षीस समारंभ होता. वैद्यकीय अभ्यासक्रम पुरा केलेली एक केशवपन झालेली विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली, तशी गॅलरीतल्या कॉलेजच्या मुलांनी तिची टर उडवली. रमाबाई समारोपाला उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या मुलांना भर सभेत झापले. स्वतःच्या दुर्दैवी बहिणीविषयी ज्यांना कणव नाही त्यांना सुशिक्षित कसे म्हणायचे, असा त्यांचा सवाल होता.

हा प्रसंग मला मोलाचा वाटतो, कारण नर्सिंगच्या शिक्षिकेचे निम्मे काम आजही हेच आहे. मराठवाड्यातल्या कोणत्याही नर्सिंग कॉलेजात ते दिसेल. मुलगी वाडी-तांड्यावरून आलेली असते. दुसऱ्या वर्षाला घरून स्थळ येते आणि वडील सामान घेऊन जायला वसतिगृहाच्या दारात उभे राहतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी असेल तर दिवाळी उरकली की आईवडील कारखान्याकडे निघतात आणि मागे राहिलेल्या धाकट्या भावंडांसाठी हिने कॉलेज सोडावे असा विषय निघतो. शिष्यवृत्ती अडकते, परीक्षेचे शुल्क भरायची तारीख जवळ येते. अशा वेळी वडिलांशी बोलायचे कोणी? मॅडमने. हे काम कोणत्याही वेळापत्रकात नाही, पण ते झाले नाही तर ती मुलगी वॉर्डापर्यंत पोचतच नाही.

पोचल्यावर खरे शिकवणे सुरू होते. आधी लॅबमध्ये मॅनिकिनवर डेमो. मग मुलीने तेच करून दाखवायचे, त्याला रिटर्न डेमो म्हणतात. हात धुण्यापासून साहित्याची ट्रे लावण्यापर्यंत एकेक पायरी तपासली जाते. इथपर्यंत यूट्यूबचाही थोडा उपयोग होतो. पण मॅनिकिन दचकत नाही, रडत नाही, लाजत नाही. माणसाच्या दंडाला पहिली सुई लावताना मुलीचा हात थरथरतो आणि ते रुग्णाला दिसते. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या मॅडमला एकाच वेळी दोघांना सांभाळायचे असते. रुग्णाला धीर द्यायचा, मुलीचा अपमान होऊ द्यायचा नाही, आणि चूक होऊ लागली तर क्षणात हात पुढे करायचा. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ ही यादी पाठ करायला संध्याकाळ पुरते. एकाच आडनावाचे दोन रुग्ण शेजारच्या पलंगांवर असताना केसपेपर पुन्हा वाचायची सवय लागायला वर्ष जाते. ती सवय लावणारे माणूस शेजारी असावे लागते.

निरीक्षणाचेही तसेच. एखादी आजी म्हणते, "कसंतरी व्हायलंय बाई." मुलगी वहीत लिहिते, विशेष तक्रार नाही. अनुभवी मॅडम तिला परत पाठवते. नाडी बघ, श्वास मोज, कपाळाला घाम आहे का बघ, शुगर तपास, सकाळपासून लघवी किती झाली ते विचार. त्यातून कधी काही निघत नाही आणि कधी हृदयाचा झटका वेळेत ध्यानात येतो. कॅलिफोर्नियातल्या नर्सिंगच्या प्राध्यापिका पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 साली याच गोष्टीवर पुस्तक लिहिले. नवशिकी नर्स नियम पाळते, मुरलेली नर्स रुग्णाकडे पाहून काहीतरी बिघडते आहे हे आकडे बदलण्याआधी ओळखते, आणि या दोन टोकांमधला प्रवास वॉर्डातल्या अनुभवानेच होतो, असे त्यांनी पाच टप्प्यांत मांडले. आपल्या मॅडमनी बेनर वाचली असेल-नसेल, पण आजीकडे मुलीला परत पाठवताना त्या तेच करतात.

भाषेचा अडथळा वेगळाच. बी.एस्सी. नर्सिंगचे शिक्षण इंग्रजीतून, 2021 पासून आठ सेमिस्टरचे. पुस्तके इंग्रजी, केअर प्लॅन इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. मुलगी दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या किंवा गावच्या मराठी शाळेत शिकलेली. पहिले सहा महिने ती वर्गात तोंड उघडत नाही. चांगली शिक्षिका शरीररचना मराठीत समजावते, संज्ञा इंग्रजीत पक्क्या करून घेते आणि रुग्णाशी बोलताना दोन्ही बाजूला ठेवून त्याच्या बोलीत बोलायला लावते. या मुलींचा मोठा फायदा असा की वॉर्डातला रुग्ण त्यांच्या गावचा असतो. तो डॉक्टरला जे सांगत नाही ते त्यांना सांगतो. हे बळ आहे, हे त्यांना कोणीतरी सांगावे लागते.

कम्युनिटी पोस्टिंगला मुली गावात जातात. खांद्यावरची पिशवी कोणत्याही घरात थेट जमिनीवर ठेवायची नाही, आधी वर्तमानपत्र पसरायचे, हात धुतल्याशिवाय पिशवी उघडायची नाही, असा त्या पिशवीचा शिस्तीचा पाठ आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात 94.7 टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात आणि 2018-20 च्या नोंदींनुसार राज्याचे मातामृत्यूचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे 33 होते, केरळनंतर देशात सगळ्यात कमी. या आकड्यांमागे घराघरांत गेलेल्या एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविका आहेत, आशाताई आहेत, आणि त्या एएनएमना प्रसूतीच्या वेळी पार्टोग्राफ, म्हणजे कळांच्या प्रगतीचा तक्ता भरायला शिकवणाऱ्या कोणी पाठ्यनिर्देशिका आहेत. सरकारी भाषेत शिकवणाऱ्या सिस्टर ट्यूटरला हे नाव आहे. स्टाफ नर्स ती अधिपरिचारिका, वॉर्डाची इन्चार्ज ती परिसेविका, मेट्रन ती अधिसेविका. मुलींच्या तोंडी मात्र शिकवणारी प्रत्येक जण मॅडमच.

शिकवल्याने काय साधते याचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा मुंबईत आहे. 27 नोव्हेंबर 1973 रोजी केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानभाग या तरुण परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केला. मेंदूला इजा झाली आणि ती 18 मे 2015 पर्यंत, जवळजवळ 42 वर्षे, वॉर्ड क्रमांक 4 मध्ये पडून होती. तिच्या दयामरणाच्या याचिकेवर 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्यात केईएमच्या परिचारिकांच्या सेवेचा गौरव आहे. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही तिला एकही बेडसोर झाला नव्हता, ही गोष्ट न्यायालयासमोर मांडली गेली होती. या प्रकरणात कायद्यावर खूप लिहिले गेले. मला त्यातली दुसरी बाजू जास्त दिसते. 1973 साली कामावर असलेली परिचारिका 2015 पर्यंत सेवेत राहणे शक्य नाही, त्याआधीच ती निवृत्त होते. म्हणजे अरुणाची कूस बदलणारे हात मधल्या काळात पूर्णपणे बदलले. एका तुकडीने दुसरीला, दुसरीने तिसरीला तिला कसे धरायचे, कसे भरवायचे, पाठ कशी बघायची हे दाखवले. चार दशकांत ते शिकवणे कुठेही तुटले नाही. कातडी अखंड राहिली ती त्यामुळे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 सालीच लिहून ठेवले होते की रुग्णाला बेडसोर होतो तो बहुतेक वेळा आजारामुळे नव्हे, शुश्रूषेतल्या उणिवेमुळे. पुढच्याच वर्षी त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली. शाळेसाठी रुग्णालयच निवडले. जी शपथ आपल्या कॉलेजांत लॅम्प लायटिंगच्या दिवशी मुली हातात दिवे घेऊन म्हणतात, ती मात्र नाइटिंगेल यांची नाही. 1893 साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या नर्सिंग शाळेच्या प्रमुख लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. आणि कोणत्या रुग्णाला बेडसोरचा धोका आहे हे सहा निकषांवर गुण देऊन ओळखायची जी ब्रेडन पट्टी जगभर वापरतात, ती 1987 साली मांडली बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या नर्सिंगच्याच संशोधक-शिक्षिकांनी. 23 पैकी 18 किंवा कमी गुण आले की सावध व्हायचे. जालन्यातल्या वॉर्डात एखादी विद्यार्थिनी हे गुण मांडते तेव्हा ती या परंपरेचीच मुलगी असते.

नर्सच्या शिक्षणाचा रुग्णाच्या जगण्या-मरण्याशी हिशेब जोडून दाखवला तोही एका नर्सिंगच्या प्राध्यापिकेने. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिंडा एकेन यांनी 2002 साली दाखवले की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की महिनाभरातल्या मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते. 2014 साली युरोपातल्या नऊ देशांतल्या 300 रुग्णालयांच्या आणि चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून त्यांच्या गटाला आढळले की पदवीधर परिचारिकांचे प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त असेल तिथे मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी कमी असते. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे, अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक. ज्यांनी सरकारी दवाखान्यात नातलगाच्या उशाशी रात्र काढली आहे, त्यांना खरी स्थिती सांगायला नको. 2023 च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बालके होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधांवर, अधिकाऱ्यांवर, राजकारण्यांच्या भेटींवर रकाने भरले. नवजात कक्षात त्या रात्री किती परिचारिका होत्या आणि त्यांच्यापैकी किती जणींचे नवजात शुश्रूषेचे खास प्रशिक्षण झाले होते, हा प्रश्न त्या गदारोळात पहिला यायला हवा होता.

मनुष्यबळ कमी असले की त्याची पहिली झळ शिक्षणाला बसते. वॉर्डात आलेली विद्यार्थिनी शिकायला आलेली आहे हे विसरले जाते आणि ती फुकटचे हात म्हणून वापरली जाते. सलाइन लाव, नमुने पोचव, रजिस्टर उतरव. निकषानुसार दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. पण कॉलेज रुग्णालयापासून दूर असेल, किंवा शिक्षिका कागदावरच असेल, तर वॉर्डात मुली आणि ब्रदर होऊ घातलेली मुले एकटीच असतात. मध्य प्रदेशात काय झाले ते सगळ्यांनी वाचले आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथली नर्सिंग कॉलेजे निकषांत बसतात का याची सीबीआय तपासणी झाली, आणि 2024 साली ती तपासणी करणाऱ्यांपैकीच काही जणांना लाचेच्या प्रकरणात अटक झाली. हजारो मुलांची वर्षे त्यात अडकली.

आणि या कामाला येते कोण? एम.एस्सी. नर्सिंग करायचे म्हणजे चार वर्षांच्या पदवीनंतर किमान एक वर्ष अनुभव आणि पुन्हा दोन वर्षे. एवढे करून खासगी कॉलेजात ट्यूटर झालेल्या मुलीला अनेकदा सरकारी अधिपरिचारिकेहून कमी पगार मिळतो. मग जी हुशार आहे ती सरकारी भरतीची वाट धरते, नाहीतर परदेशाची परीक्षा देते. तिला दोष देता येत नाही. 2022 साली बाह्यस्रोतातून भरतीच्या विरोधात राज्यभरातल्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा त्यांची मागणी कायम पदांची होती. तीच मागणी शिकवणाऱ्या पदांसाठी तितक्याच जोराने व्हायला हवी. 1947 च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने 2023 साली राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा केला. या आयोगाकडून माझी एकच अपेक्षा आहे. त्याने इमारतीचे चौरस फूट मोजण्याआधी शिक्षिका आठवड्यात किती तास वॉर्डात असते ते मोजावे.

तोवर हे मोजायचे काम पालकांना करता येईल. बदनापूर, जालना, अंबड, भोकरदन, कुठेही तुमच्या मुलीला किंवा मुलाला नर्सिंगला घालत असाल तर कॉलेजच्या माहितीपत्रकावरचे रंगीत फोटो बाजूला ठेवा. संस्थाचालकांना विचारा, मुले कोणत्या रुग्णालयात पोस्टिंगला जातात, तिथे रोज किती रुग्ण असतात, वॉर्डात त्यांच्याबरोबर कोण जाते आणि त्या मॅडम इथे किती वर्षांपासून आहेत. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठून विचारा की तिने पहिले इंजेक्शन दिले तेव्हा शेजारी कोण उभे होते. तिला नाव सांगता आले तर प्रवेश घ्या. सांगता आले नाही तर दुसरे कॉलेज बघा.